छावणीचे कुलूप आणि रुग्णालयाचे दार : संगणकसुरक्षेच्या इतिहासातील एक धडा

१/ १९६०च्या दशकाच्या मध्यातील एक दुपार. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, येथील सामायिक संगणकावर जो कोणी काम सुरू करी, त्याच्या टर्मिनलवर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी एक लांबलचक यादी छापली जाऊ लागली. ती सर्व वापरकर्त्यांच्या पासवर्डची यादी होती. कोणी चोर शिरला नव्हता, कोणी हेर आला नव्हता. कुलूप आपोआप उघडले होते. ते का उघडले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत छावणी, पेढी व रुग्णालय यांनी आपापली कुलुपे कशी घडवली, त्याचा हा इतिहास. #इतिहासधागा

२/ या प्रणालीचे नाव सीटीएसएस. फर्नांदो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली आणि नोव्हेंबर १९६१मध्ये तिचे पहिले प्रात्यक्षिक झाले. तोवर संगणक एका वेळी एकाचेच काम करी. आता अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकच यंत्र वापरू लागले. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या, प्रत्येकाला मिळणारा यंत्राचा वेळही ठरावीक. म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड देण्यात आला. संगणकावर पासवर्ड वापरणाऱ्या अगदी आरंभीच्या प्रणालींत सीटीएसएसची गणना होते.

३/ पासवर्डला मराठीत ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपायाने हटकल्यावर सांगायचा तो संकेतशब्द. संज्ञा छावणीतली आहे. पण एमआयटीत ती आली ती विद्यापीठाच्या अंगणात. तेथे शत्रू नव्हता. एकाने दुसऱ्याच्या फाइलींत चुकून वा खोडसाळपणे हात घालू नये, इतकाच हेतू होता. त्या हेतूला साजेसे ते कुलूप हलकेच होते.

४/ ते किती हलके होते, हे १९६२मध्येच दिसले. एका संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास अपुरे पडत. त्याने पासवर्डची फाइल छापून मागणारे छिद्रित कार्ड यंत्राला दिले आणि दुसऱ्या दिवशी छापील यादी उचलली. ही गोष्ट त्याने सुमारे पंचवीस वर्षांनी उघड केली. त्याला कोणाची गुपिते नको होती, यंत्राचा वेळ हवा होता. संगणकसुरक्षेच्या इतिहासात अगदी आरंभी भेटणारा हा ‘घुसखोर’ संस्थेचाच एक कष्टाळू विद्यार्थी होता.

५/ मग त्या दुपारी कुलूप कसे उघडले? पुढे संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाल्यावर दिलेल्या व्याख्यानात कोर्बातो यांनीच त्याची कारणमीमांसा केली. प्रणालीचा मूळ नियम असा की एका निर्देशिकेत, म्हणजे फाइलींच्या एका कप्प्यात, एका वेळी एकानेच काम करावे. मजकूर लिहिण्या-सुधारण्याचे संपादन-साधन याच गृहीतकावर बांधलेले होते. त्याच्या तात्पुरत्या फाइलीला नेहमी एकच ठरावीक नाव असे.

६/ पुढे प्रणाली सांभाळणाऱ्यांची संख्या डझनभर झाली. एकेकट्याने काम करण्याचा नियम त्यांना जाचू लागला. आम्ही काळजी घेऊ, असे सांगून त्यांनी कोर्बातोंकडून स्वतःपुरती सवलत मिळवली. एके दिवशी एक जण दिवसाची सूचना सुधारत होता आणि त्याच कप्प्यात दुसरा पासवर्डची फाइल सुधारत होता. दोन्ही तात्पुरत्या फाइलींचे नाव एकच. त्यांची अदलाबदल झाली आणि पासवर्डची यादी सूचना म्हणून सर्वांसमोर आली.

७/ संपादन-साधन बिघडलेले नव्हते. ते ज्या परिस्थितीसाठी घडवले होते ती परिस्थिती बदलली होती. येथेच या इतिहासाचे सूत्र आहे: सुरक्षेचे कोणतेही साधन स्वतःपुरते ‘भक्कम’ वा ‘कच्चे’ नसते. ते कोणासाठी, कोणापासून आणि कोणत्या हानीच्या भयाने उभे केले आहे, यावर त्याचे मोल ठरते. हे सूत्र पटायला जगाला पुढील तीस वर्षे लागली, आणि त्याची किंमत काही सामान्य माणसांनी मोजली.

८/ पहिले घर : छावणी. सामायिक संगणक अमेरिकी संरक्षण खात्यात पोहोचले तेव्हा प्रश्न गंभीर झाला. वेगवेगळ्या अधिकारांची माणसे एकच यंत्र वापरणार, आणि त्याच यंत्रात अतिगुप्त कागद असणार. रँड या संशोधनसंस्थेतील विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने फेब्रुवारी १९७०मध्ये आपला अहवाल सादर केला. संगणकसुरक्षेवरील हा आद्य अहवाल स्वतःच गोपनीय ठरवला गेला. तो खुला झाला १९७५मध्ये.

९/ १९७३च्या सुमारास मायटर या संस्थेत डेव्हिड बेल आणि लेन लापॅड्युला यांनी अमेरिकी हवाई दलासाठी एक गणिती प्रारूप मांडले. त्याचे मर्म दोन नियमांत आहे. खालच्या पायरीवरील माणसाने वरच्या पायरीचा कागद वाचू नये, हा पहिला नियम सहज कळतो. दुसरा विलक्षण आहे: वरच्या पायरीवर काम करणाऱ्याने खालच्या पायरीच्या कागदावर लिहूही नये.

१०/ लिहू का नये? कारण भय फितुरीचे होते. सेनापती प्रामाणिक असला, तरी तो वापरत असलेल्या प्रोग्रॅममध्ये शत्रूने काही दडवले असू शकते. तो प्रोग्रॅम अतिगुप्त कागदातील ओळ उचलून साध्या कागदात टाकील, आणि ती बाहेर पडेल. म्हणून माहितीने वर जावे, खाली कधीही येऊ नये. लष्कराला ज्या हानीचे सर्वाधिक भय होते ती म्हणजे गुपित फुटणे, आणि त्या भयासाठी हे कुलूप अत्यंत नेमके होते.

११/ पण त्याच काळात त्याच विलिस वेअर यांच्यापुढे अगदी वेगळा प्रश्न आला. अमेरिकी सरकारच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने नागरिकांच्या संगणकीकृत नोंदींविषयी समिती नेमली आणि अध्यक्षपद त्यांना दिले. येथे शत्रू परका नव्हता. ज्या कार्यालयाने नोंद ठेवायची, त्याच कार्यालयाच्या हातून नागरिकाला इजा होण्याचे भय होते. नोंदीला कितीही भक्कम कुलूप घातले, तरी किल्ली असलेल्याला ते अडवू शकत नव्हते.

१२/ १९७३च्या त्या समितीच्या अहवालाने पाच तत्त्वे सांगितली. कोणतीही नोंदपद्धती गुप्तपणे अस्तित्वात नसावी. आपल्याविषयी काय नोंदले आहे व ते कसे वापरले जाते, हे नागरिकाला कळावे. एका कामासाठी घेतलेली माहिती संमतीवाचून दुसऱ्या कामाला लावू नये. चूक दुरुस्त करता यावी. नोंद ठेवणाऱ्याने ती विश्वासार्ह राखावी व तिचा गैरवापर टाळावा. १९७४च्या अमेरिकी खासगीपणा कायद्याचा पाया हाच.

१३/ दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. अध्यक्ष एकच, यंत्रेही त्याच जातीची. पण पहिल्यात गुप्तता हा उपाय आहे आणि दुसऱ्यात गुप्त नोंदवही हाच रोग. छावणीत ‘कोणाला कळू नये’ हा प्रश्न. नागरिकांच्या नोंदींत ‘ज्याची माहिती त्याला कळलेच पाहिजे’ हा आग्रह. सुरक्षा आणि खासगीपणा ही जुळी भावंडे नाहीत, हे वेअर यांच्या कार्यातून स्पष्ट दिसते.

१४/ १९७५मध्ये एमआयटीतील जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला, आणि त्यातील आठ तत्त्वे आजही अभ्यासली जातात. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा, परवानगी स्पष्ट नसेल तर दार बंद मानावे, महत्त्वाच्या कुलपाला दोन वेगळ्या किल्ल्या असाव्यात, ही त्यांतील काही. शेवटचे तत्त्व मात्र यंत्राविषयी नसून माणसाविषयी आहे: संरक्षणाचे साधन वापरणाऱ्याला सहज पेलले पाहिजे. जे कुलूप रोज अडते, त्याचे दार लोक वीट लावून उघडे ठेवतात.

१५/ १९८३च्या जूनमध्ये एका चित्रपटाने या इतिहासाला अनपेक्षित कलाटणी दिली. ‘वॉरगेम्स’मध्ये एक शाळकरी मुलगा घरच्या संगणकावरून लष्करी यंत्रणेत शिरतो. त्याच्या पटकथाकारांनी सल्ला घेतला होता तो विलिस वेअर यांचाच. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तो पाहिला आणि असे खरोखर घडू शकते का, अशी विचारणा सेनाप्रमुखांकडे केली. परिस्थिती वाटते त्याहून बिकट असल्याचे उत्तर त्यांना मिळाले.

१६/ सप्टेंबर १९८४मध्ये रेगन यांनी एक निर्देश काढला. त्याने लष्करी गुप्तवार्तेशी निगडित राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, नागरी संगणकांच्या सुरक्षेतही मोठी भूमिका दिली. त्याआधीच, १९८३मध्ये, संरक्षण खात्याने संगणकांच्या मूल्यमापनाचे निकष प्रसिद्ध केले होते. मुखपृष्ठाच्या रंगावरून ते ‘ऑरेंज बुक’ म्हणून ओळखले गेले. ‘डी’ ही तळाची पायरी, ‘ए१’ ही शिखराची. छावणीची फूटपट्टी आता पेढ्या, कचेऱ्या आणि कारखान्यांच्या दाराशी येऊन ठेपली.

१७/ दुसरे घर : पेढी. १९८७मध्ये एमआयटीचे डेव्हिड क्लार्क आणि लेखापरीक्षण क्षेत्रातील डेव्हिड विल्सन यांनी एक शोधनिबंध वाचला. त्यांचे म्हणणे सरळ होते: व्यापाराचे मुख्य भय गुपित फुटण्याचे नसून खोट्या नोंदीचे असते. रोखपालाने खात्यातील शिल्लक पाहिली तर पेढी बुडत नाही. त्याने ती गुपचूप बदलली तर बुडते. बेल आणि लापॅड्युला यांचे कुलूप या चोरापुढे जवळजवळ निरुपयोगी होते.

१८/ पेढीचे खरे कुलूप संगणकाहून शतकानुशतके जुने आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४मध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धतीचे वर्णन केले. प्रत्येक व्यवहार दोन जागी नोंदला जातो, आणि दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. त्याला जोड कामाच्या विभागणीची: माल मागवणारा एक, उतरवून घेणारा दुसरा, पैसे चुकते करणारा तिसरा. तिघे संगनमत करीपर्यंत खोटी नोंद जुळत नाही.

१९/ क्लार्क आणि विल्सन यांनी हाच जुना व्यवहार संगणकाच्या भाषेत मांडला. अधिकार असलेल्या माणसानेही आकड्यांना थेट हात लावू नये. तपासून मान्य केलेल्या प्रोग्रॅममार्फतच बदल व्हावा. कोणत्याही एका माणसाच्या हाती व्यवहाराचे सर्व टप्पे नसावेत. केलेल्या प्रत्येक बदलाचा माग राहावा. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या कोणत्याही जुन्या दिवाणजीला यात नवे काही वाटले नसते, आणि हेच त्याचे बळ होते.

२०/ राजकारणातही हीच रेषा आखली गेली. एनएसएच्या विस्तारलेल्या भूमिकेवर अमेरिकी काँग्रेसमध्ये आक्षेप आले. १९८७च्या संगणकसुरक्षा कायद्याने नागरी कारभारातील अगोपनीय संगणकांसाठी मानके ठरवण्याचे काम एका नागरी संस्थेकडे सोपवले. तीच संस्था आज एनआयएसटी या नावाने ओळखली जाते. छावणीचे कुलूप छावणीत राहावे, असा हा निवाडा होता.

२१/ पण पेढीच्या कुलपातही एक प्रश्न दडलेला होता: हानी झाली तर ती सोसायची कोणी? अमेरिकेत १९७८च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली. ब्रिटनमध्ये मात्र एटीएममधून न काढलेले पैसे खात्यातून गेल्याची तक्रार आली की बँका सांगत, आमची यंत्रणा चुकू शकत नाही. मग तक्रारदार एक तर विसरभोळा ठरे, नाही तर लबाड.

२२/ १९९२मध्ये इंग्लंडमधील एका पोलीस शिपायाने अशीच तक्रार केली. त्याची दखल घेण्याऐवजी त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला भरण्यात आला, आणि १९९४मध्ये तो दोषी ठरला. अपिलात बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने वित्तसंस्थेची यंत्रणा तपासू देण्याची मागणी केली. ती नाकारली गेली. अखेर १९९६मध्ये तो निर्दोष सुटला. दरम्यानची चार वर्षे त्याला कोणी परत दिली नाहीत.

२३/ तो तज्ज्ञ म्हणजे केंब्रिज विद्यापीठाचे रॉस अँडरसन. १९९३मध्येच त्यांनी दाखवून दिले होते की एटीएमच्या फसवणुकी सांकेतिक लिपी फोडून होत नव्हत्या. त्या होत होत्या ढिसाळ मांडणीतून, निष्काळजी व्यवस्थापनातून आणि आतल्याच माणसांच्या हातून. बँकांनी पहारा भलत्याच दारावर बसवला होता. शिवाय चुकीचा दंड ग्राहक भरत असल्याने योग्य दार शोधण्याची निकडही त्यांना नव्हती.

२४/ तिसरे घर : रुग्णालय. १९९०च्या दशकात ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा देशभराच्या वैद्यकीय नोंदी संगणकाच्या जाळ्यात जोडू पाहत होती. तारेवरून जाणारी माहिती सांकेतिक केली की काम झाले, अशी मांडणी पुढे येत होती. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने अँडरसन यांना सल्ला विचारला. त्यांनी जानेवारी १९९६मध्ये सादर केलेले सुरक्षाधोरण या इतिहासातील एक मैलाचा दगड आहे.

२५/ रुग्णालयाला छावणीची उतरंड चालत नाही. सेनेत वरचा अधिकारी खालचे सारे वाचू शकतो. पण रुग्णालयाचा सर्वोच्च प्रशासक कोणाचाही केसपेपर उघडायला पात्र नसतो, आणि रात्रपाळीची परिचारिका तिच्या कक्षातल्या रुग्णाचा केसपेपर पाहायला पात्र असते. शिवाय एचआयव्हीच्या रुग्णाची नोंद ‘अतिगुप्त’ ठरवली, तर त्याच्या औषधाची चिठ्ठीही अतिगुप्त ठरेल. मग औषधविक्रेत्याने ती वाचायची कशी?

२६/ नऊ तत्त्वांच्या त्या धोरणाने पायऱ्याच काढून टाकल्या. प्रत्येक नोंदीला तिची स्वतःची यादी: ही नोंद कोणी पाहावी. त्या यादीत कोण आहे, हे रुग्णाला सांगितले जावे. नोंद कोणी व केव्हा उघडली याचा माग कायम राहावा. लाखो नोंदी एकाच माणसाच्या हाती एकवटू देऊ नयेत. या शेवटच्या तत्त्वात एक मोठे सत्य आहे: शंभर केसपेपर शंभर दवाखान्यांत सुरक्षित असतात, तेच एका पडद्यावर आले की विकण्याजोगा माल होतो.

२७/ याची प्रचिती लगेच आली. खासगी गुप्तहेर डॉक्टर असल्याची बतावणी करून फोनवरून रुग्णांची माहिती काढत असत. १९९६मध्ये उत्तर यॉर्कशायरमधील आरोग्य कार्यालयाने एक साधा नियम लावला: विचारणा आली की ती टिपून ठेवा आणि दूरध्वनी सूचीतील क्रमांकावर स्वतः उलट फोन करा, समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे. आठवड्याला सुमारे ३० बनावट फोन उघडकीस आले. महागडी सांकेतिक लिपी यांतला एकही फोन अडवू शकली नसती.

२८/ रुग्णालयाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. छावणीत शंका असेल तर दार बंद ठेवणे शहाणपणाचे. अपघात विभागात बंद दार जीव घेते. म्हणून वैद्यकीय प्रणालींत आणीबाणीची वाट ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आग लागल्यावर काच फोडून साधन काढावे, तशी डॉक्टरने नोंद तत्काळ उघडावी. पण काच फुटल्याचे सर्वांना दिसावे आणि नंतर त्याचा जाब विचारला जावा. येथे अडथळ्याची जागा उत्तरदायित्व घेते.

२९/ या साऱ्या अनुभवाला २००४मध्ये तत्त्वज्ञ हेलन निसनबॉम यांनी सैद्धान्तिक रूप दिले. त्यांच्या मते खासगीपणा म्हणजे माहिती लपवणे नव्हे. ज्या संदर्भात ती दिली गेली त्या संदर्भाच्या रीतीनुसारच तिने प्रवास करणे. रुग्णाने डॉक्टरला सांगितलेला आजार डॉक्टरपाशी असणे योग्यच आहे. तोच नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर गेला की मर्यादाभंग होतो, मग वाटेतली सर्व कुलुपे शाबूत का असेनात.

३०/ भारतात हाच विचार न्यायालयाच्या भाषेत अवतरला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत अधिकार मानले. चौघांच्या वतीने निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यातच १९७६चा आणीबाणीकालीन जबलपूर निवाडा चुकीचा ठरवला. त्या जुन्या निवाड्याच्या बहुमतात त्यांचे वडील, पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड, होते.

३१/ या निकालातील एक कसोटी मनात ठेवण्याजोगी आहे, ती म्हणजे प्रमाणशीरता. खासगीपणावर मर्यादा घालायची असेल, तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या मापाचा हवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही माहिती बाळगणाऱ्यावर ‘वाजवी’ सुरक्षा-उपायांचे बंधन घातले. वाजवी म्हणजे काय, हे दवाखान्याच्या ॲपसाठी एक असेल आणि किराणा दुकानाच्या ॲपसाठी दुसरे.

३२/ छावणीने विचारले, गुपित कोणाला कळू नये? पेढीने विचारले, खोटी नोंद कशी रोखावी? रुग्णालयाने विचारले, माहिती योग्य हाती वेळेवर कशी पोहोचावी आणि इतरत्र कशी जाऊ नये? तिन्ही उत्तरे आपापल्या घरी बरोबर होती. अनर्थ ओढवला तो घर बदलले तरी कुलूप तेच राहिले तेव्हा, किंवा कुलूप चुकल्याचा दंड घरमालकाऐवजी पाहुण्याने भरला तेव्हा.

३३/ आज एखादा विद्यार्थी महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी ॲप लिहितो, तेव्हा तयार साधनांची रास त्याच्या पुढ्यात असते. त्यांतले कोणते निवडावे, याचे उत्तर त्या साधनांच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. ते तीन जुन्या प्रश्नांत आहे: भय कोणाचे आहे, हानी कशाची होईल आणि ती कोण सोसेल? त्या शिपायाच्या वाट्याला आलेली चार वर्षे या तिसऱ्या प्रश्नाचे मोल सांगतात. #धागासमाप्त